न पाहता चाललेली वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ठरवण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपवले. “तुम्ही ख्रिस्ती, तेव्हा तुमच्या श्रद्धेविषयीच काही सांगा, मात्र प्रवचन नको, एखाद्या बाईची हकीकत सांगा,” एवढीच त्यांची अट होती. ती अट मला मनापासून आवडली. श्रद्धेवर व्याख्यान देणे सोपे असते. ती एखाद्या बाईच्या चुलीपाशी, आजारपणात, भाड्याच्या खोलीत कशी टिकली हे पाहिले म्हणजे तिचा कस कळतो.

बायबलात इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात विश्वास म्हणजे काय ते सांगितले आहे. त्याचा आशय असा की, डोळ्यांपुढे नसलेल्या गोष्टीविषयीही मन ठाम राहणे म्हणजे विश्वास. आपण डोळस माणसे हे वाक्य पाठ म्हणतो आणि पुढे जातो. पण जिच्या डोळ्यांपुढे जन्मभर काही आलेच नाही, अशा बाईने ते कसे जगून दाखवले? आज मी आपल्याला फॅनी क्रॉस्बी या अमेरिकन बाईंची हकीकत सांगणार आहे. आपल्या ख्रिस्ती भगिनींपैकी काहींनी त्यांचे नाव गीतांच्या पुस्तकात पाहिले असेल. इतरांना ते नवे वाटेल; पण हकीकत ऐकल्यावर बाई परक्या वाटणार नाहीत, अशी माझी खातरी आहे.

न्यू यॉर्क संस्थानात पटनॅम म्हणून एक परगणा आहे. तेथल्या साउथईस्ट नावाच्या खेड्यात २४ मार्च १८२० रोजी फॅनीचा जन्म झाला. मूल दीड महिन्याचे झाले असेल-नसेल, तोच त्याचे डोळे आले. नेहमीचा वैद्य गावात नव्हता. डॉक्टर म्हणवणारा कोणी एक भेटला, त्याने त्या कोवळ्या डोळ्यांवर ऊन ऊन पोटिसे बांधावयास सांगितली. डोळ्यांची सूज उतरली, पण बुबुळांवर पांढरे डाग राहिले आणि पोरीला दिसत नाही हे हळूहळू आईच्या ध्यानात आले. तो मनुष्य गाव सोडून निघून गेला. हे अंधत्व मुळात जन्मतःच असावे, असेही पुढच्या काळात काही अभ्यासकांनी म्हटले आहे. पण त्या घराने मात्र उपचाराचाच घात मानला. त्याच वर्षी फॅनीचे वडीलही वारले. आई मर्सी विशीतली विधवा. पोट भरण्यासाठी ती एका घरी मोलकरणीचे काम करू लागली.

इथपर्यंतची गोष्ट, भगिनींनो, आपल्या कुठल्याही गावची वाटते. चुकीचे औषध, घरातला कर्ता गेलेला, तरुण विधवा आणि पदरात अंध मुलगी. असे झाले म्हणजे पुढे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. मुलीला एका कोपऱ्यात बसवतात, येणारेजाणारे हळहळतात आणि आईच्या पाठीमागे कुजबुज सुरू होते की हे कोणाचे पाप?

हा प्रश्न जुनाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या शिष्यांनीच तो विचारला आहे. वाटेत एक जन्मांध मनुष्य दिसला, तेव्हा शिष्य म्हणाले की पाप याचे की याच्या आईबापांचे? येशूने उत्तर दिले की याचेही नाही, त्यांचेही नाही. देवाचे काम याच्या ठायी दिसून यावे. मला या उत्तरात नेहमी वाटते की, येशूने ‘का झाले’ हे दार बंद केले आणि ‘आता याच्या ठायी काय होऊ शकेल’ हे दार उघडले. क्रॉस्बी कुटुंबाच्या घरात हे दुसरे दार उघडणारी व्यक्ती होती फॅनीची आजी. तिचे नाव युनिस.

आई कामावर जाई, तेव्हा नात आजीपाशी असे. या आजीने मनाशी ठरवले की पोरीचे डोळे आपण व्हायचे. ती मुलीला रानात नेई. पान हातात देऊन त्याची कड, त्याच्या शिरा चाचपावयास लावी आणि झाडाचे नाव सांगी. पक्ष्याची शीळ ऐकू आली की तो किती मोठा, पंखांचा रंग कसा, हे सांगी. मावळतीचे रंग शब्दांनी सांगी. डोलखुर्चीत बसून ती बायबल वाची आणि नातीकडून म्हणवून घेई. पुढे मायलेकी रिजफील्ड गावी राहावयास गेल्या. तेथे हॉली नावाच्या घरमालकीणबाईंनी हे काम पुढे चालवले. आठवड्याला पाच अध्याय मुलीकडून पाठ करून घ्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पंधरा वर्षांची होईपर्यंत फॅनीला चारही शुभवर्तमाने, मोशेची पाच पुस्तके, नीतिसूत्रे आणि कितीतरी स्तोत्रे मुखोद्गत झाली होती.

आपल्या जात्यावरच्या ओव्या याच रीतीने टिकल्या. अक्षर न ओळखणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी शेकडो ओव्या कंठात सांभाळल्या. तेव्हा पाठांतर म्हणजे नुसती घोकंपट्टी, असे आपण तरी म्हणू नये. रात्री एकाएकी दिवे गेले तरी आपल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी आपल्या हाताला बरोबर लागते. अंधारात आपल्याला दिसते म्हणून नव्हे. ती उजेडात आपणच जागच्या जागी ठेवलेली असते म्हणून. युनिस आजींनी नातीच्या मनात देवाचे वचन असे जागच्या जागी ठेवून दिले. पुढे नव्वद वर्षे, हात लांबवला की ते सापडत गेले.

पण यामुळे मुलीला दुःख नव्हतेच असे कोणी समजू नये. फॅनी पाच वर्षांची असताना गावकऱ्यांनी आणि आप्तांनी पैसे जमवून तिला न्यू यॉर्कला नेले. तेथे डॉ. व्हॅलेंटाइन मॉट हे त्या काळचे नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांनी डोळे तपासले आणि काही उपाय नाही असे सांगितले. मायलेकी हडसन नदीतून गलबताने परतल्या. थोडी मोठी झाल्यावर बरोबरीची मुले शाळेत जात आणि ही मागे राही, तेव्हा तिचा जीव तळमळे. आजीच्या डोलखुर्चीपाशी गुडघे टेकून तिने देवाला विचारले की मी आंधळी असले तरी तुझ्या लेकरांत मला जागा आहे ना? डोळे दे, असे मागणे यात नव्हते, जागा दे एवढेच होते. आठव्या वर्षी तिने पहिली कविता रचली. मी आंधळी असले तरी सुखी आहे आणि यासाठी रडत बसणार नाही, असा तिचा भाव होता. आठ वर्षांच्या मुलीने असे म्हणावे याचे कौतुक वाटते. पण त्याहून, ते म्हणण्याआधी ती किती वेळा रडली असेल, हे मनात येते.

जागेचे उत्तर यावयास काही वर्षे लागली. ती चौदा वर्षांची असताना न्यू यॉर्कच्या अंधशाळेचे पत्रक आईच्या हाती पडले. ही शाळा १८३१ साली निघाली होती. १८३५ च्या मार्चमध्ये फॅनी तेथे दाखल झाली. आईला सोडून जाताना तिला हुंदका आवरेना. पण मग तेवीस वर्षे ती त्या शाळेत राहिली. आधी विद्यार्थिनी म्हणून आणि १८४७ पासून शिक्षिका म्हणून. गणिताशी तिचे कधी जमले नाही, ते शेवटी सोडून द्यावे लागले. इंग्रजी व्याकरण आणि इतिहास मात्र तिने उत्तम शिकवला. तिच्या चोविसाव्या वर्षी, १८४४ च्या जानेवारीत, शाळेची मुले वॉशिंग्टनला गेली. अंध मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून तेथे काँग्रेसच्या सभासदांपुढे फॅनीने आपली कविता म्हटली. त्याच साली तिचा पहिला काव्यसंग्रह निघाला. पुढे या शाळेत ग्रोव्हर क्लीव्हलँड नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा कारकून म्हणून आला. फॅनीबाई कविता सांगत आणि तो फावल्या वेळात उतरून घेई. हाच मुलगा पुढे दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

आता खऱ्या कसोटीचा प्रसंग सांगते. १८४९ साली न्यू यॉर्क शहरात पटकीची भयंकर साथ आली. शहरात पाच हजारांवर माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून गेले. फॅनीबाई गेल्या नाहीत. शाळेत जी मुले राहिली होती त्यांच्या शुश्रूषेला त्या थांबल्या. औषधाच्या गोळ्या वळण्याचे काम त्यांनी केले, आजाऱ्यांपाशी रात्री जागवल्या. शाळेतली काही मुले त्यांच्या देखत गेली. ‘देखत’ हा शब्द मी वापरला खरा. पण त्यांनी ते मरण पाहिले नाही, ते ऐकले. कण्हणे ऐकले, मग थांबलेले कण्हणे ऐकले. शेवटी त्या स्वतःही खचल्या आणि काही काळ शहराबाहेर जाऊन राहिल्या.

त्यानंतर त्यांचे मन फार अस्वस्थ झाले. बायबल सारे पाठ आहे, प्रार्थना नित्य चालू आहे. पण मृत्यू समोर उभा राहिला तेव्हा आतून आधार सापडला का, असा प्रश्न त्यांना पडला. १८५० च्या शरद ऋतूत मेथडिस्ट मंडळीच्या सभा चालू होत्या. फॅनीबाई दोनदा वेदीपाशी जाऊन गुडघे टेकून आल्या. दोन्ही वेळा मनाला काही लाभले नाही. तिसऱ्यांदा, २० नोव्हेंबरला, त्या पुन्हा गेल्या. सभेत आयझॅक वॉट्स यांचे जुने गीत चालू होते, त्या वेळी त्यांचे मन एकदम मोकळे झाले. आपण एका हातात जग आणि दुसऱ्या हातात देव धरावयास पाहत होतो, असे तेव्हा उमगले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

भगिनींनो, मला या प्रसंगातली तिसरी वेळ महत्त्वाची वाटत नाही. पहिल्या दोन वाटतात. दोनदा रिकाम्या हाताने परत आलेली बाई तिसऱ्यांदा उठून गेली. आपण देवापाशी मागतो, काही जाणवले नाही की म्हणतो, छे, काही खरे नाही. जाणवणे हेदेखील एक इंद्रियच आहे म्हणा ना! डोळ्यांना दिसले नाही म्हणून जे नाही असे ठरत नाही, ते मनाला जाणवले नाही म्हणून तरी नाही असे कसे ठरावे? संत पौलाची गोष्ट अशीच आहे. त्याच्या शरीरात काही एक सल होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा प्रभूची विनवणी केली. सल गेला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले, आणि पौल तो सल घेऊनच पुढे चालला.

संसाराचे सुखही फॅनीबाईंना फारसे लाभले नाही. १८५८ साली त्यांनी अलेक्झांडर व्हॅन ॲलस्टाइन यांच्याशी लग्न केले. तेही अंध, त्याच शाळेत शिकलेले, ऑर्गनवादनात निष्णात. पुढच्या वर्षी मूल झाले आणि ते तान्हेपणीच गेले. या दुःखाविषयी फॅनीबाई जन्मभर जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या नावावर हजारो गीते आहेत. पण आपल्या मुलाचे नाव त्यांनी जगाला सांगितले नाही. मात्र १८६८ साली डोन नावाच्या संगीतकाराने घाईघाईने येऊन एक चाल वाजवून दाखवली. त्याची गाडी सुटायला चाळीस मिनिटे होती. फॅनीबाई आतल्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासात गीत सांगून मोकळ्या झाल्या. येशूच्या कुशीत सुखरूप असण्याचे ते गीत आहे. मूल गेलेल्या कितीतरी आयांना त्या गीताने धीर दिला. ते अर्ध्या तासात झाले असे आपण म्हणतो. मला वाटते, त्याला नऊ वर्षे लागली होती.

उपासनेची गीते लिहिण्याचे त्यांचे खरे काम १८६४ साली, म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झाले. आपल्यापैकी ज्या म्हणतात की आता आमचे वय झाले, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी आठ हजारांवर गीते रचली. गीते मनातच जुळवावयाची, एकावेळी कितीतरी मनात धरून ठेवावयाची आणि मग कोणाला तरी सांगून उतरवून घ्यावयाची, ही त्यांची पद्धत. एकाच बाईच्या नावाने पुस्तक भरू नये म्हणून प्रकाशक त्यांची गीते निरनिराळ्या नावांनी छापत. अशी टोपणनावे दोनशेच्या आसपास भरतात. एका गीताला एक-दोन डॉलर मिळत आणि हक्क प्रकाशकाकडे जाई. मूडी आणि सँकी यांच्या सभांतून ही गीते अमेरिकेत आणि इंग्लंडात घरोघर पोहोचली. फॅनीबाई मात्र न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांत भाड्याच्या खोल्यांत राहत. मिळालेले पैसे हातात टिकत नसत, देऊन टाकीत.

१८७३ साली त्यांची मैत्रीण फीबी नॅप हिने आपण बांधलेली एक चाल त्यांना वाजवून दाखवली आणि विचारले, ही चाल काय म्हणते? फॅनीबाईंनी एका क्षणात उत्तर दिले. त्या उत्तरातून झालेले गीत म्हणजे ‘ब्लेसेड ॲशुरन्स’. येशू माझा आहे ही खातरी, हा त्याचा विषय आहे. दीडशे वर्षांनंतर आजही ते जगभर गायले जाते. त्यांच्या गीतांत पाहण्याचे शब्द पुन्हा पुन्हा येतात, हे वाचकांच्या ध्यानात आले आहे. जिने कधी मुखडा पाहिला नाही ती मुखडा पाहण्याची गोष्ट करते. एका पाद्रीसाहेबांनी एकदा हळहळून म्हटले की देवाने तुम्हांला इतके दिले, पण दृष्टी दिली नाही. त्यावर फॅनीबाई म्हणाल्या की जन्मताना मला काही मागता आले असते तर मी आंधळेपणच मागितले असते. कारण मग स्वर्गात माझ्या डोळ्यांना पहिले दर्शन माझ्या तारणाऱ्याचेच होणार. ज्याच्या पोटिसाने डोळे गेले, तो भेटला तर त्याचे आभार मानीन, असेही त्या म्हणत.

हे शब्द ऐकून कोणी म्हणेल की ही तर मनाची समजूत. तशी शंका येणे रास्त आहे. पण समजूत घालून घेतलेला माणूस घरात बसतो. फॅनीबाई घरात बसल्या नाहीत. न्यू यॉर्कच्या बावरी भागात दारूने बुडालेल्या माणसांसाठी मिशन चालत. जेरी मॅकॉले या एके काळच्या कैद्याने वॉटर स्ट्रीटवर असे मिशन १८७२ साली काढले होते. फॅनीबाई अशा ठिकाणी नित्य जात, येईल त्याच्या शेजारी बाकावर बसत, त्याचा हात हातात घेत. माणसाला त्याचे पाप सांगून त्याचे भले होत नाही, ते त्याला आधीच ठाऊक असते, असे त्यांचे मत होते. त्या माणसांचे फाटके कपडे, सुजलेली तोंडे त्यांना दिसत नव्हती. आवाज तेवढा ऐकू येई, आणि आवाजात मनुष्य सापडे. आपण डोळस माणसे आधी कपडे पाहतो आणि मग मनुष्य शोधतो, किंवा शोधीतच नाही.

अखेरची पंधरा वर्षे त्या कनेक्टिकट संस्थानातील ब्रिजपोर्ट येथे आपल्या बहिणीच्या आश्रयाला राहिल्या. लोक त्यांना ‘आंट फॅनी’, म्हणजे आपल्या भाषेत फॅनीमावशी, म्हणत. १२ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. कबरीवर त्यांच्या इच्छेप्रमाणे अगदी लहानसा दगड बसवला. त्यावर ‘आंट फॅनी’ हे नाव आणि येशूने बेथानीच्या एका स्त्रीविषयी काढलेले उद्गार आहेत. त्यांचा आशय एवढाच की, तिच्याने जे होण्यासारखे होते ते तिने केले.

त्याच १९१५ साली आपल्याकडे विदर्भातले गुलाबराव महाराज निवर्तले. त्यांचीही दृष्टी तान्हेपणी गेली होती. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. मार्ग वेगळा, देवाचे नाव वेगळे. दोन्ही मार्ग एकच आहेत, असे सोपे विधान मी करणार नाही. पण इंद्रियांपाशी माणूस संपत नाही, हे आमच्या शेजारणींनाही नवे नाही, एवढे त्यावरून दिसते.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती स्त्रियांतही हा धडा गिरवला गेला आहे. पंडिता रमाबाई वैद्यक शिकण्यासाठी १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. दार बंद झाले. पुढे त्याच बाईंनी केडगावी मुक्ति मिशन उभारून दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला आणि हिब्रू व ग्रीक शिकून सारे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवले. त्यांच्या मिशनात अंध स्त्रियांसाठी ‘बार्तिमी सदन’ होते. वाटेच्या कडेला बसून येशूला हाक मारणाऱ्या अंध बार्तिमयाचे ते नाव. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी ती या स्त्रियांना शिकवली. ज्यांना देवळाच्या पायरीवर नाहीतर घराच्या कोपऱ्यात बसवले गेले असते, त्या स्वतःच्या बोटांनी वाचू लागल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. अंधत्व चांगले, ते तसेच असू द्यावे, असे ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. येशूने आंधळ्यांना उपदेश करून वाटेला लावले नाही, त्यांचे डोळे उघडले. म्हणून तर १८८७ साली मिस ॲनी शार्प यांनी अमृतसरला आणि १९०० साली मिस मिलर्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढल्या. जे टाळता येते ते टाळलेच पाहिजे, जे बरे होते ते बरे केलेच पाहिजे. आणि एवढे करूनही जे उरते, ते घेऊन कसे चालावे, तेथून श्रद्धेचे खरे काम सुरू होते.

म्हणून मंडळाला माझ्या दोन-तीन विनंत्या आहेत. पहिली, तान्ह्या बाळाचे डोळे लाल झाले, सुजले, चिकटू लागले तर घरचे कोणतेही औषध, काजळ, रस डोळ्यांत घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फॅनीच्या आईला दवाखाना जवळ नव्हता, आपल्याला आहे. दुसरी, नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी केंद्रात मिळतो, तो आपल्या आणि आपल्या कामवाल्या बाईंच्याही मुलांना चुकू देऊ नका. तिसरी, नेत्रदानाची गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. बुबुळावरील पारदर्शक पडदा खराब झाल्याने ज्यांची दृष्टी गेली, त्यांना त्याचा उपयोग होतो. रडण्याच्या त्या घटकेत नवा निर्णय कोणाच्याने होत नाही. तो आधीच झालेला असावा लागतो.

आणि शेवटची विनंती त्या आजीच्या नावाने. आपल्या आळीत एखादी अंध मुलगी असेल, ऐकू न येणारी वृद्धा असेल, अंथरुणाला खिळलेली कोणी असेल. तिला आपली कीव नको आहे. कोणीतरी आठवड्यातून एक तास जाऊन तिला वाचून दाखवावे, अंगणातल्या झाडाचे पान तिच्या हातात द्यावे, मुलांनी काय केले ते सांगावे. आपल्या मंडळात एवढ्या भगिनी आहेत; दोघी-दोघींनी एकेक घर घेतले तरी पुढच्या वर्धापनदिनापर्यंत पुष्कळ होईल. युनिस आजींनी नातीला डोळे दिले नाहीत, ते त्यांच्या हातात नव्हते. त्यांच्या हातात शब्द होते, वेळ होता आणि देवावर भरवसा होता. ते सगळे त्यांनी दिले. आपल्यापाशीही तेवढे आहे.